कडक भाकरी, पाचशे ग्रॅम

धाराशिव,
४ सप्टेंबर २०२४

चि. शिवांजली,

काल तुझा फोन आला. त्यातले 'आत्या', 'भाकरी' आणि 'आई' एवढे तीन शब्द मला ऐकू आले. कानातलं यंत्र नवीन आहे. त्याला शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज फार आवडतो, माणसांचा नाही. तेव्हा यापुढे तू मला पत्र लिहायचंस. हसू नकोस. पोस्टमन अजून येतो आणि त्याला काम नसतं. शिवाय फोनवर तू नुसतं 'हो आत्या, हो आत्या' करतेस. कागदावर तेवढ्याने भागत नाही.

तीन शब्दांवरून मी जे जुळवलं ते असं. रणधीरला जाऊन वर्ष होत आलं. तुझा दीर पुण्याहून सारखं म्हणतो आहे की घर भाड्याने देऊ, आईला मी घेऊन जातो, वहिनींनी माहेरी जावं. तुझं माहेर म्हणजे मी: दोन खोल्या, एक पलंग आणि माझी जीभ. तुला इकडे यायचं नाही, सासूला सोडायचं नाही, म्हणून तुला येरमाळ्यातच कडक भाकरीचा धंदा काढायचा आहे. बरोबर?

बरोबर असेल तर मी पाठीशी आहे. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. जिल्ह्यातला असा बाजार नसेल जिथे मला बघून एखाद्याने तराजू लपवला नाही. दुकानं कशी बुडतात ते मी पाहिलं आहे. 'चालतंय की' म्हणणारा दुकानदार बुडतोच.

आता सांग, भाकरी कोण करणार? मला विचारू नकोस. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला क्रोशाचे रुमाल आणि कस्टर्ड शिकवलं, आणि पुढे सगळं आयुष्य मेसच्या डब्यावर गेलं. पिठाला हात लावायची वेळ आली नाही.

तुझी,
गिरिजाआत्या

*

येरमाळा,
१२ सप्टेंबर २०२४

आत्या, नमस्कार.

तुम्ही जुळवलं ते सगळं बरोबर आहे. पण 'सासूला सोडायचं नाही' हे वाचताना सुनेने उपकार केल्यासारखं वाटतं. तसं नाही. रणधीर गेले तेव्हा मी जेवत नव्हते, तर आईंनीपण ताट घेतलं नाही. शेजारच्या बायका समजावून थकल्या. चौथ्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणल्या, "पोरी, मला लई भूक लागली. आता तू जेव." त्या दिवसापासून आम्ही दोघी एका ताटात जेवतो. मला आईंशिवाय राहता येणार नाही, एवढंच आहे.

भाकरी आईच करतात. मी पीठ मळते आणि जाळ बघते. त्यांच्यासारखी पातळ भाकरी मला थापता येत नाही. तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला उभी करतात, मग परडीत कपड्याखाली चार-पाच दिवस. पापडासारखी कडक होते आणि महिनोन्‌महिने टिकते. इथं चौकात दिवसभर गाड्या थांबतात. शेंगाचटणीसोबत कोणीपण घेईल.

अडचण एकच आहे. आई भाकरी मोजत नाहीत. मोजली की घरातली बरकत जाते म्हणतात. परवा मी मनातल्या मनात दहा-दहा मोजून पाकिटात घालत होते, तर माझे ओठ हलताना बघितले आणि परडीच उचलून नेली. "पोटाला घालायची चीज हाय ती, मोजून कुणाला देती व्हय गं?" म्हणल्या. दारात कुणी आलं की परडीत हात घालतात आणि येईल तेवढी देतात. यात्रेत तर अख्खी परडी रिकामी होते.

आता पाकिटावर किती नग लिहायचं?

तुमची,
शिवांजली

*

धाराशिव,
२० सप्टेंबर २०२४

चि. शिवांजली,

बरकत! एकविसाव्या शतकात! पण असू दे. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा वळसा घालावा. मोजायचं नाही ना? मग तोलायचं. नगावर विकायचंच नाही. पाकिटावर स्वच्छ लिहायचं: निव्वळ वजन ५०० ग्रॅम. आकडा भाकरीचा नाही, काट्याचा. तुझ्या सासूची बरकत शाबूत आणि कायदाही शाबूत.

सोबत एस.टी.च्या पार्सलने इलेक्ट्रॉनिक काटा पाठवते आहे. पडताळणीचा शिक्का मारलेला आहे, तो खरवडू नकोस. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वजन, किंमत, सगळं आलं पाहिजे. आणि प्लास्टिक नको. मी हयात असेपर्यंत या घरातून प्लास्टिकचं पाकीट बाजारात जाणार नाही. जाड खाकी कागदाची पाकिटं करून घे. भाकरी कागदात शोभते.

एक सांगते, राग मानू नकोस. दारात येईल त्याला परडीतून काढून देणं हे पुण्य असेल, धंदा नव्हे. विकायची परडी आणि वाटायची परडी वेगळी ठेव. तुझी सासू प्रेमळ असेल. मीही खूप प्रेमळ दुकानदार पाहिले आहेत.

आत्या

*

येरमाळा,
६ ऑक्टोबर २०२४

आत्या, नमस्कार.

काटा आला! आईंनी त्याला हळदकुंकू लावलं. लाल आकडे पेटले तेव्हा म्हणल्या, "डोळं वटारतंय की गं ह्ये." आता रोज सकाळी फडक्याने पुसतात.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. पाकीट भरलं तर चारशे ऐंशी. अजून एक घातली तर पाचशे पंचवीस. म्हणून मी भाकरी मोडून अर्धी घालायला लागले. आईंनी माझा हात धरला. "माणसाला मोडकी भाकरी देत्यात व्हय? अख्खी घाल. वरची आपली." त्यामुळं आमचं प्रत्येक पाकीट वीस-पंचवीस ग्रॅम जास्तच भरतं. तुमच्या कायद्यात जास्त भरलं तर चालतं ना?

नाव ठरलं. 'हरणाई कडक भाकरी'. आईंचं नाव हरणाबाई म्हणून. पाकिटावर त्यांचं नाव छापलेलं दाखवलं तर त्यांना वाचता येत नाही, पण बोट फिरवून विचारत होत्या, "ह्यात मी कुठं हाय?" मी दाखवलं. मग शेजारी दाखवायला घेऊन गेल्या.

पहिलं पाकीट लातूरच्या गाडीच्या कंडक्टरने घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "बाई, अजून चार द्या, घरी भांडणं लागली." आत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विकलं. आई हसत होत्या.

तुमची,
शिवांजली

*

धाराशिव,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजली,

जास्त भरलं तर चालतं, पण त्याला धंदा म्हणत नाहीत. असो.

आता कामाचं. बसस्टँडजवळ खाजामियाँचं किराणा दुकान आहे. १९९८ साली मी त्यांचं तेलाचं माप जप्त केलं होतं. तेव्हापासून ते मला बघितलं की उभे राहतात. काल गेले आणि तुझं पाकीट त्यांच्या गल्ल्यावर ठेवलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरचा माल म्हंजे वजनाचा तर सवालच न्हाई." ऐंशी पाकिटं हवी आहेत. दहा डिसेंबरला त्यांच्या दुकानाचा नवा भाग उघडतो आहे, त्या दिवशी माल मांडलेला हवा. अकराला नको, दहाला. मी शब्द दिला आहे. शब्द दिला की कारणं ऐकून घ्यायची मला सवय नाही.

कामाला लाग.

आत्या

*

येरमाळा,
९ डिसेंबर २०२४

आत्या, नमस्कार.

सकाळच्या गाडीने ऐंशी पाकिटं पाठवली. आठ दिवस चूल विझली नाही. आईंच्या हाताला फोड आले तरी थांबल्या नाहीत.

शेवटच्या परड्या अजून चार दिवस कपड्याखाली राहू द्यायच्या असं आई म्हणत होत्या. धुकं आहे, भाकरी मनासारखी वाळली नाही, म्हणत होत्या. पण तुमचा शब्द होता म्हणून मी भरल्या.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. व्यंकटभाऊजी दिवाळीला आले होते. म्हणाले, "वहिनी, चैत्राच्या यात्रेपर्यंत बघतो. धंदा उभा राहिला तर दोघी राहा इथं, मला आनंदच आहे. नाही राहिला तर आईला मी नेणार. उद्या ती आजारी पडली तर लोक मला नावं ठेवतील." वाईट माणूस नाहीत ते. त्यांचं म्हणणंपण खरं आहे. पण आई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आत्या, चैत्रापर्यंत आपला धंदा उभा राहील ना?

शिवांजली

*

धाराशिव,
१५ जानेवारी २०२५

चि. शिवांजली,

राहील म्हणजे काय, राहिला! निम्मी पाकिटं महिन्यात संपली. खाजामियाँ खूश आहेत. यात्रेसाठी आत्तापासूनच माल करून ठेव, ऐन वेळी धावपळ नको. व्यंकटला सांग, लेबलावरचं नाव वाच आणि मग बोल. तुझे वडील असते तर त्यांनी पाकीट फ्रेम करून भिंतीला लावलं असतं. माझ्या भिंतीवर लावलं आहे.

आत्या

*

धाराशिव,
११ मार्च २०२५

शिवांजली,

आज खाजामियाँच्या दुकानात गेले होते. मागच्या फळीवर तुझी पंधरा-सोळा पाकिटं उरली आहेत. तिथे एक बाई म्हणाली, "मावशी, ह्यो पुडा हलका लागतो." मी चार पाकिटं विकत घेऊन घरी आणली आणि तोलली.

चारशे बासष्ट. चारशे अठ्ठावन्न. चारशे सहासष्ट. चारशे पंचावन्न.

पाकिटावर पाचशे छापलं आहे. नियमात थोडी सूट असते, ती धरूनही ही चोरी आहे. मी हा शब्द विचार करून वापरते आहे.

तू हे करणार नाहीस. मग कोण करतं? दारात येईल त्याला परडीतून काढून कोण देतं? 'वरची आपली' हे तुला दाखवायला झालं. तुझी पाठ वळली की पाकिटातून एक काढून पुण्य कमावायचं, आणि बदनामी माझ्या पोरीची! मी सप्टेंबरातच लिहिलं होतं, परडी वेगळी ठेव.

मी त्या दुकानात शब्द दिला होता. आठ दिवसांत उत्तर पाहिजे.

गिरिजा पडवळ

*

येरमाळा,
९ एप्रिल २०२५

आत्या,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी घरी नव्हते. आईंच्या पायावर उकळतं आधण सांडलं होतं, अकरा दिवस कळंबला दवाखान्यात होतो. परत आल्यावर वाचलं. उत्तर लिहायला बसले, पण जे लिहीत होते ते तुम्हाला लिहायला नको असं वाटलं, म्हणून फाडून टाकलं. चार दिवसांनी राग उतरला की लिहू, असं ठरवलं होतं. तुम्ही तेवढं थांबला नाहीत.

परवा जीप आली. यात्रेचे लोक जमायला लागलेत, दारापुढं चार-पाचशे माणूस असेल. साहेब चांगले बोलत होते. म्हणाले, तक्रार आहे, माल तपासायचाय. यात्रेसाठी जानेवारीपासून भरून ठेवलेली साठ पाकिटं होती. तुमच्याच काट्यावर तोलली. एकोणचाळीस कमी भरली.

आत्या, ती मी भरली होती. माझ्या हाताने, पाचशेच्या वर.

आई लंगडत बाहेर आल्या. म्हणल्या, "सायेब, भाकरी वाळती, वाळली की हलकी व्हतीया." साहेब म्हणाले, "आजी, छापलंय तेवढं भरायला पाहिजे." मग आई आत गेल्या आणि परडी घेऊन आल्या. खाली बसल्या आणि एकेका पाकिटावर एकेक भाकरी ठेवत गेल्या. "कमी असंल तर वरून घ्या सायेब. घ्या, अजून हाईत." साहेब म्हणत होते, "आजी, तसं नसतं, आजी उठा." लोक मोबाइलवर काढत होते. सगळ्या पाकिटांवर भाकरी ठेवून होईपर्यंत आई उठल्या नाहीत. नंतर पंचनामा झाला आणि त्या भाकरीसकट सगळं जीपमध्ये गेलं.

साहेबांनी सही करायला फाइल उघडली तेव्हा वरच तक्रारीचा कागद होता. सही तुमची होती. पूर्ण नाव.

शिवांजली

*

धाराशिव,
१४ एप्रिल २०२५

शिवांजली,

हो, सही माझी होती. निनावी अर्ज भेकड लोक करतात. पंधरा दिवस मी उत्तराची वाट पाहिली. उत्तर नाही याचा मी जो अर्थ घेतला, तो एकतीस वर्षं प्रत्येक दुकानदाराच्या बाबतीत घेतला होता. भाची म्हणून वेगळा घेतला असता तर ज्यांना ज्यांना मी दंड केला त्यांना तोंड कसं दाखवलं असतं? 'मॅडमच्या घरचा माल' म्हणून त्या माणसाने पाकिटं ठेवली होती.

वाळते म्हणे! नोकरीत मी अशी शंभर कारणं ऐकली. उंदराने खाल्लं, पोत्याला भोक होतं, हवेने उडालं. लोखंडाची वजनं झिजली असंसुद्धा लोक म्हणायचे.

पाय भाजल्याचं वाईट वाटलं. तुझ्यावर माझा राग नाही. हे वादळ शांत होईल. एकदा सासूच्या हातातून कारभार काढून घे आणि स्वतः उभी राहा, मी आहे.

आत्या

*

येरमाळा,
२ मे २०२५

आत्या,

तो व्हिडिओ पुण्यापर्यंत गेला. व्यंकटभाऊजी गाडी घेऊन आले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आई जायला तयार नव्हत्या. मीच त्यांचं गाठोडं बांधलं. जीप आल्यापासून त्यांनी चूल पेटवली नव्हती. कुणी दारात आलं तरी उठत नव्हत्या. नुसत्या बसायच्या आणि स्वतःचे तळहात बघायच्या. मला वाटलं, पुण्यात तरी जेवतील. गाडीत बसल्यावर खिडकीतून माझी मनगटं धरली आणि म्हणल्या, "तू ये की गं." भाऊजी समोर बघत होते. मी म्हणले, "येते, मागून येते." त्यांना कळलं खोटं आहे ते. त्यांनीच हात सोडला.

घर भाड्याने गेलं. मागची एक खोली मला ठेवलीय. चौकातल्या हॉटेलात सकाळी भाकरी करायला जाते. तिथं कुणी तोलत नाही.

आई सारखं विचारायच्या, तक्रार कुणी केली असंल. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला शाप दिला नसता, पण त्यांना वाटलं असतं, माझ्या पोरीला माहेरपण राहिलं नाही. ते दुःख त्यांना अजून कशाला द्यायचं.

आता मला पत्र लिहू नका.

शिवांजली

*

धाराशिव,
१० मे २०२५

चि. शिवांजली,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. हे एक वाच आणि फाडून टाक.

जप्तीची बातमी ऐकून खाजामियाँनी उरलेली पाकिटं माझ्या दारात आणून ठेवली. मला वाटलं, चिडून आणली असतील. ते आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, एक पूछू? तुम्ही उभ्या उमरीत भाकरी केली का?" मी म्हटलं, नाही. "मग माझ्या बीबीला विचारायचं होतं. तिला लिहिता येत न्हाई, पर हे तिला कळतं. ओली भाकरी कागदात घातली, उन्हाळा लागला, पानी कागदातून निघून गेलं. वजन कुणी चोरलं न्हाई मॅडम, हवेनं नेलं. मला वाटलं तुम्हाला मालूम असंल. तुम्ही वजनाच्या मॅडम."

मी त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून ताजी भाकरी मागवली आणि कागदाच्या पाकिटात घालून रोज सकाळी तोलली. नऊ दिवस. आकडे मी तुला पाठवत नाही. आईंनी साहेबांना एका वाक्यात सांगितलं होतं तेच मला कळायला नऊ दिवस लागले.

मोजू नका, तोला, हे मी सांगितलं. नगावर विकलं असतं तर दहाच्या दहाच राहिल्या असत्या. कागद माझा. दहा तारखेचा हट्ट माझा. आणि शेवटी सहीही माझी. त्या चार पाकिटांत तुमच्याकडून एक कण कमी नव्हता. तुम्ही दोघींनी माझ्यावर विश्वास ठेवलात, एवढीच तुमची चूक.

ऑफिसात गेले होते. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा आता तिथे साहेब आहे. म्हणाला, "मॅडम, तक्रार मागे घेता येत नाही, तुम्हीच आम्हाला शिकवलंय." उभा राहून बोलत होता.

मला क्षमा करू नकोस. फक्त जेवत जा.

आत्या

*

(हे पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात: 'घेण्यास नकार.')

*

पुणे,
२२ जून २०२५

ईनबाईंना हरणाबाईचा नमस्कार.

(मी आरोही, व्यंकट यांची मुलगी, सातवीत आहे. आजी सांगते तसं लिहिते. बदलायचं नाही म्हणाली.)

आमी हितं बरे हाव. व्यंकट चांगला ठेवतो. घर सातव्या मजल्याव हाय. खाली बघितलं की डोकं गरगरतंय. सूनबाई चांगली हाय, कशाला हात लावू देत न्हाय. आई बसा म्हणती. म्या बसते. दिवसभर बसते.

पोरीचा फोन रोज येतो. जेवली का म्हणलं तर व्हय म्हणती. तिचं व्हय मला कळतंय. ती जेवत न्हाय.

तुमी शिकलेल्या. त्याच हापिसात व्हत्या. माझं एवढं एक काम करा. ज्या माणसानं तक्रार केली त्याचं नाव न्‌ पत्ता काढून द्या. पोरीला लईदा इचारलं, ती ठाऊक न्हाय म्हणती. मला भांडायचं न्हाय त्याच्यासंगं. त्याच्या घरात लेकरं असतील, भाकरी पुरली नसंल, म्हणून बोलला. भरल्या पोटाचं माणूस कशाला बोलंल? पत्ता कळला तर सूनबाई बाजारात गेल्याव म्या हितंच गॅसवर करीन न्‌ आरोहीच्या हातनं धाडीन. लई दिस झालं हात चालत न्हाईत, पर तेवढ्या व्हतील.

माझ्या हातनं कुणाच्या तरी पोटाला कमी गेलं, ह्ये घेऊन मला वर जायचं न्हाय, ईनबाई.

(आजीने इथे अंगठा लावला आहे. मी म्हणाले पत्राला अंगठा लागत नाही. ती म्हणाली, लागतो. — आरोही)

*

धाराशिव,
२८ जून २०२५

विहीणबाई,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही नाव विचारलंत. मला नाव माहीत आहे.

आरोही, हे पत्र आजीला मोठ्याने वाच. मधलं एक वाक्यही गाळू नकोस, आजी थांब म्हणाली तरीही.

विहीणबाई, तक्रार करणारीच्या घरात लेकरं नाहीत. ती उपाशी नव्हती. तिने तुमची चार पाकिटं विकत आणली, टेबलावर मांडून तोलली, आणि त्यातली एक भाकरीही तोंडात घातली नाही. तिला वाटलं, तुम्ही तिच्या पोरीच्या परडीतून काढून लोकांना वाटता. तुम्हाला तिने कधी नीट पाहिलंही नव्हतं. लग्नात एकदा, आणि रणधीरच्या वेळी एकदा. दोन्ही वेळा तुमच्या पायातल्या चपला तिच्या लक्षात राहिल्या, तुम्ही नाही.

तिचं नाव गिरिजा बलभीम पडवळ. शिवांजलीची आत्या.

तिला काही पाठवायचं नाही. तुमच्या हातून कुणाच्याही पोटाला कमी गेलेलं नाही. साहेबांना तुम्ही सांगितलंत ते खरं होतं, भाकरी वाळते. हे मी त्या खात्याला लिहून दिलं आहे आणि खाली अर्जदार म्हणून माझं नाव घातलं आहे. त्याने येरमाळ्याचं घर परत येणार नाही, हे मला कळतं.

शिवांजलीला नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने ते तुमच्यापासून लपवलं, कारण आपल्या पोरीला माहेर उरलं नाही असं तुम्हाला वाटू नये अशी तिची इच्छा होती. ते ओझं घेऊन ती रोज तुमच्याशी फोनवर बोलते. म्हणून तिचं 'व्हय' तुम्हाला खोटं वाटतं. ती माझी पत्रं घेत नाही, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. आता तिला माझ्यासाठी काही लपवावं लागणार नाही.

व्यंकटरावांना माझं एक सांगा. त्यांनी दिलेली मुदत धंद्याने मोडली नाही, मी मोडली. एवढं कळल्यावर ते काय करतील ते त्यांनी ठरवावं.

आरोही, आजी काय म्हणाली ते मला लिहून कळवू नकोस. शिवांजलीकाकूला फोन लाव. लागला की आजीच्या हातात दे आणि तू खोलीतून बाहेर जा.

गिरिजा